निवृत्त पोलिस, अग्निशामक आणि वर्षाचे तीन हजार डॉलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी ते एप्रिल, दर शनिवारी मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत मोफत टॅक्स भरून देणाऱ्या टेबलावर बसतो. समोर येणारे बहुतेक निवृत्त. हातात पिवळा लिफाफा, त्यात १०९९चे कागद (वर्षभरात मिळालेल्या पैशांची नोंद देणारे फॉर्म) आणि एक नेहमीचं वाक्य: "माझं काही नाही हो, साधंच आहे." या 'साध्या' रिटर्नमध्ये एक गोष्ट वारंवार सुटलेली दिसते. निवृत्त पोलिस, अग्निशामक, तुरुंग अधिकारी, ॲम्ब्युलन्सवाले, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'पब्लिक सेफ्टी ऑफिसर', यांना आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी पेन्शनमधले वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत करमुक्त धरता येतात. अमेरिकेत पोलिसात किंवा तुरुंग खात्यात नोकरी केलेली मराठी माणसं आता निवृत्त होऊ लागली आहेत. कुणाची मुलगी फायरफायटरशी लग्न करून संसारात रमली आहे. त्यामुळे हे प्रश्न मला मराठीतही विचारले जातात.

ही सवलत नेमकी आहे काय?

सरकारी पेन्शन योजनेतून तुम्हाला पैसे मिळतात. एरवी त्यावर साधारणपणे संघीय आयकर लागतो. पण त्यातली जी रक्कम तुम्ही आरोग्य विम्याच्या किंवा दीर्घकालीन शुश्रूषा विम्याच्या हप्त्यासाठी वापरता, ती वर्षाला जास्तीत जास्त ३,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वगळता येते. हप्ता ३,०००पेक्षा कमी असेल तर जेवढा हप्ता तेवढंच. महिन्याला १८५ डॉलर भरत असाल तर वर्षाचे २,२२० आणि सवलतही २,२२०चीच.

ही तरतूद २००६च्या पेन्शन प्रोटेक्शन ॲक्टमधून आली आणि २००७च्या करवर्षापासून लागू झाली. करसंहितेत ती कलम ४०२ (एल) म्हणून सापडते.

इथे 'वगळणं' आणि 'वजावट' यांत गल्लत करू नका. वजावटीसाठी शेड्यूल ए (खर्चांची तपशीलवार यादी देणारा तक्ता) भरावं लागतं आणि वैद्यकीय खर्च समायोजित उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वर गेला तरच हाती काही लागतं. ही रक्कम मुळात उत्पन्नातच धरली जात नाही. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे यादी न देता मिळणारी ठरावीक वजावट, घेणाऱ्यालाही ती पूर्ण मिळते, आणि आमच्या टेबलावर येणारे जवळजवळ सगळे स्टँडर्ड डिडक्शनवालेच असतात.

'पब्लिक सेफ्टी ऑफिसर' म्हणजे फक्त पोलिस का?

नाही. कायदा अंमलबजावणी अधिकारी, अग्निशामक, चॅप्लिन (खात्यातले धर्मगुरू), बचाव पथकाचे किंवा ॲम्ब्युलन्स पथकाचे सदस्य, हे सगळे यात येतात. व्याख्या १९६८च्या गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातून उचललेली आहे. त्या कायद्यात 'कायदा अंमलबजावणी अधिकारी' म्हणजे पोलिसांबरोबर तुरुंग अधिकारी, प्रोबेशन आणि पॅरोल अधिकारीही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुरुंगात नोकरी केलेला माणूस स्वतःला 'पोलिस' समजत नाही आणि प्रश्न पुढे सरकवतो.

मी पन्नाशीच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडलो. मला मिळेल?

दोनच दारं आहेत: अपंगत्वामुळे निवृत्ती किंवा योजनेने ठरवलेलं सामान्य निवृत्तीचं वय गाठल्यामुळे निवृत्ती. हे वय प्रत्येक योजनेत वेगळं असतं. पोलिसांच्या काही योजनांत ते बरंच लवकर येतं, म्हणून 'मी तर लवकर निवृत्त झालो' असं परस्पर ठरवून टाकू नका. पेन्शन कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारा: माझ्या निवृत्तीच्या तारखेला मी योजनेचं सामान्य निवृत्ती वय गाठलं होतं का? उत्तर 'नाही' आलं आणि अपंगत्वही नसेल, तर ही सवलत तुमच्यासाठी नाही.

आणखी एक अट लोक विसरतात. ज्या खात्यातून तुम्ही सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालात, त्याच मालकाची योजना हवी. दहा वर्षं पोलिसात काढून नंतर शाळेच्या कचेरीत नोकरी केली आणि शाळेतून निवृत्त झालात, तर शाळेच्या पेन्शनवर ही सवलत मिळत नाही.

कुठल्या योजनेतले पैसे चालतात?

सरकारी मालकाची नेहमीची पेन्शन, आणि नोकरीत पगारातून पैसे साठवायच्या ४०३ (बी) व सरकारी ४५७ (बी) या योजना. आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावावरचं वैयक्तिक निवृत्ती खातं, चालत नाही. निवृत्त झाल्यावर ४५७मधले पैसे आयआरएमध्ये हलवले, तर पुढे त्या आयआरएतून काढलेल्या रकमेवर ही सवलत लागत नाही.

विमा कुणाचा आणि कसला?

तुमचा, जोडीदाराचा किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचा. आरोग्य किंवा अपघात योजना किंवा दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा. शहर किंवा काउंटी स्वतःच्या निधीतून चालवते ती योजनाही चालते. सुरुवातीला विमा कंपनीचीच योजना लागायची, ती अट २००८च्या दुरुस्तीने गेली. जीवन विमा मात्र यात येत नाही. पेन्शनच्या पावतीवर आरोग्य, दात आणि जीवन विमा असे हप्ते एकाखाली एक छापलेले असतात. बेरीज करताना जीवन विम्याची ओळ सोडून द्या.

मी हप्ता माझ्या चेकने भरतो, पेन्शनमधून कापला जात नाही. मग?

आता चालतं. जुन्या जाणत्यांची माहिती नेमकी इथे शिळी झाली आहे. २००७पासून पंधराएक वर्षं अट अशी होती की पेन्शन योजनेने हप्ता थेट विमा कंपनीला पाठवला पाहिजे. पैसे एकदा तुमच्या खात्यात आले की सवलत गेली. लहान गावांच्या कितीतरी पेन्शन मंडळांकडे असं थेट पाठवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे हक्क असूनही लोकांना तो बजावता येत नव्हता.

डिसेंबर २०२२च्या अखेरीस मंजूर झालेल्या सिक्युअर २.० कायद्याने ही अट काढली. २९ डिसेंबर २०२२नंतर मिळालेल्या पैशांना नवा नियम लागतो. पेन्शन तुमच्या बँकेत जमा होऊ द्या, हप्ता तुम्ही स्वतः भरा. व्यवहारात बोलायचं तर २०२३च्या रिटर्नपासून. 'थेट भरला नसेल तर मिळत नाही' असं कुणी आजही सांगत असेल, तर त्यांची माहिती २०२२ला थांबली आहे.

माझ्या १०९९-आरवर ही सवलत कुठेच दिसत नाही. कार्यालयाने चूक केली का?

चूक नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच सुटतात.

१०९९-आर म्हणजे पेन्शन कार्यालय दर वर्षी पाठवतं तो फॉर्म. त्याच्या पहिल्या चौकटीत एकूण रक्कम असते, '२ए' चौकटीत करपात्र रक्कम. पेन्शन कार्यालय २एमध्ये जो आकडा छापतं, त्यात ही सवलत वजा केलेली नसते. कारण तुम्ही ती घेणार की नाही हे त्यांना माहीत नसतं. ती घ्यायची की नाही हे तुम्ही रिटर्नमध्ये ठरवता. सॉफ्टवेअर २एचा आकडा उचलतं आणि तसाच पुढे नेतं. तुम्ही अडवलं नाहीत तर कुणीच अडवत नाही.

मागच्या मार्चमध्ये कोकणातले एक काका आले होते. सव्वीस वर्षं काउंटीच्या तुरुंगात अधिकारी. त्यांच्या कागदावर पहिल्या चौकटीत ५१,८४०, २एमध्येही ५१,८४०. मी विचारलं, "काका, आरोग्य विमा कुठून भरता?" म्हणाले, "तो पेन्शनमधूनच कापतात, मला बघावं लागत नाही." लिफाफ्याच्या तळाशी पेन्शनची वार्षिक पावती निघाली, चार घड्या घातलेली. महिन्याला ४१२ डॉलर, म्हणजे वर्षाचे ४,९४४. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. दर वर्षी पैसे देऊन रिटर्न भरून घेत होते, आणि भरून देणाऱ्याने एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही काम काय करायचात. रिटर्नच्या शेवटी सहीजवळ व्यवसायाचा रकाना असतो. त्यात सहाही वर्षं 'रिटायर्ड' असं लिहिलेलं. कशातून रिटायर्ड, हे कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

काही योजना कापलेला विमा हप्ता १०९९-आरच्या पाचव्या चौकटीत दाखवतात. संघीय सेवेतल्या निवृत्तांना मिळणाऱ्या 'सीएसए १०९९-आर'वर तसं असतं. तो आकडा हप्त्याचा आहे. '२ए'मधून तो आधीच वजा झालाय असं समजू नका.

मग फॉर्मवर नेमकं लिहायचं कुठे?

फॉर्म १०४० म्हणजे मुख्य रिटर्न; त्याच्या ५ए ओळीवर एकूण पेन्शन, ५बीवर करपात्र रक्कम सवलत वजा करून. काकांच्या बाबतीत ५एवर ५१,८४० आणि ५बीवर ४८,८४०. २०२४पर्यंतच्या फॉर्मवर ५बीच्या शेजारी 'पीएसओ' (पब्लिक सेफ्टी ऑफिसर) ही तीन इंग्रजी अक्षरं लिहायची असतात. २०२५च्या फॉर्मवर त्यासाठी चौकोनच दिला आहे, त्यात खूण करायची. ही खूण राहिली तर १०९९-आर आणि रिटर्न यांतल्या ३,०००च्या फरकाचं कारण आयआरएसच्या (संघीय कर खात्याच्या) संगणकाला कळत नाही, आणि दीड-दोन वर्षांनी पत्र येऊ शकतं.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर १०९९-आर भरल्यानंतरचे प्रश्न धडाधड 'नेक्स्ट' करत जाऊ नका. निवृत्त पब्लिक सेफ्टी ऑफिसर आहात का, असा प्रश्न तिथेच कुठेतरी येतो.

प्रत्यक्षात वाचतात किती?

कराच्या १२ टक्क्यांच्या टप्प्यात ३६० डॉलर, २२ टक्क्यांच्या टप्प्यात ६६०. वर्षाला. कुणी म्हणेल एवढ्यासाठी कशाला डोकं लावायचं. पण थांबा, आकडा कधी कधी याहून मोठा निघतो.

सोशल सिक्युरिटीचा (पगारातून कापलेल्या पैशांवर मिळणाऱ्या संघीय निवृत्तिवेतनाचा) किती भाग करपात्र होणार, हे तुमच्या बाकीच्या उत्पन्नावर ठरतं. जास्तीत जास्त ८५ टक्के. ज्यांचं उत्पन्न त्या चढत्या पायऱ्यांच्या मधे आहे, त्यांचं उत्पन्न ३,०००ने खाली आलं की सोशल सिक्युरिटीचा करपात्र भागही २,५५०पर्यंत खाली येतो. म्हणजे ५,५५०वरचा कर वाचला. १२ टक्क्यांनी ते ६६६ डॉलर होतात.

हे आता जास्त लोकांना लागू पडतंय. पोलिस आणि अग्निशामकांच्या अनेक खात्यांत सोशल सिक्युरिटीचे पैसे कापले जात नसत, म्हणून दुसऱ्या नोकरीतून मिळणारी त्यांची सोशल सिक्युरिटी कमी केली जायची. ५ जानेवारी २०२५ला सही झालेल्या सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्टने ती कपात रद्द केली. महिन्याचा चेक वाढला, तसा करही.

मेडिकेअर पार्ट बीचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या हप्त्याचा) जादा आकार समायोजित उत्पन्नावरून ठरतो. सीमारेषेच्या जरा वर असलेल्यांना तिथेही ३,०००चा फरक उपयोगी पडू शकतो.

मी ड्युटीवर जखमी होऊन अपंगत्वाची पेन्शन घेतो.

आधी बघा की ती पेन्शन करपात्र आहे का. कामावर झालेल्या दुखापतीबद्दल, कामगार नुकसानभरपाईसारख्या कायद्याखाली मिळणारी रक्कम मुळातच करमुक्त असू शकते. जे करपात्रच नाही त्यातून ३,००० काय वगळणार? सवलत फक्त एरवी करपात्र ठरली असती अशा रकमेवर लागते.

पेन्शन करपात्र असेल आणि योजनेच्या किमान निवृत्ती वयाच्या आत असाल, तर ती ५बीवर येत नाही, पगाराच्या भागात १एच ओळीवर येते. सवलत वजा करून उरलेली रक्कम तिथे टाकायची आणि ठिपक्यांच्या ओळीवर 'पीएसओ' व वगळलेली रक्कम लिहायची. १एचची ही वाट भल्याभल्यांना ठाऊक नसते.

नवरा-बायको दोघेही निवृत्त अधिकारी असतील तर?

मर्यादा अधिकाऱ्यागणिक आहे. दोघांची आपापली पात्र पेन्शन असेल आणि हप्ते पुरेसे असतील, तर प्रत्येकी ३,०००. एकच हप्ता दोनदा मोजायचा नाही, एवढं पाळा. याउलट एकाच माणसाला दोन पात्र योजनांतून पैसे येत असतील तरी मर्यादा मिळून ३,०००च.

माझे यजमान अग्निशामक होते. ते गेले. मला त्यांची पेन्शन मिळते. सवलतही मिळेल?

नाही. ही सवलत निवृत्त अधिकाऱ्याच्या स्वतःच्या रकमेला आहे. त्यांच्या पश्चात पत्नीला किंवा पतीला मिळणाऱ्या वारसा-पेन्शनवर ती लागत नाही. ते हयात असताना तुमच्या विम्याचा हप्ता चालत होता, आणि आता तोच विमा, तीच योजना असून चालत नाही. हे मला दर वर्षी एका तरी बाईंना समोर बसवून सांगावं लागतं, आणि कायद्याची ही बाजू मला आजवर पटलेली नाही. मात्र ज्या वर्षी ते गेले, त्या वर्षी त्यांच्या हयातीत मिळालेल्या पेन्शनवर आणि तेव्हा भरलेल्या हप्त्यावर सवलत घेता येते. शेवटचं संयुक्त रिटर्न भरताना ती सोडू नका.

उरलेला हप्ता शेड्यूल एवर दाखवता येईल?

४,९४४मधले ३,००० वगळले, उरले १,९४४. तेवढे वैद्यकीय खर्चात धरता येतात. वगळलेले ३,००० तिथे पुन्हा मोजायचे नाहीत, आणि स्वयंरोजगारवाल्यांच्या विमा वजावटीतही नाहीत.

मागच्या वर्षांचं राहून गेलंय. आता काय?

फॉर्म १०४०-एक्स भरून दुरुस्त रिटर्न देता येतं. परताव्याची मुदत साधारणपणे मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन, यांत जी नंतर संपेल ती. २०२३चं रिटर्न १५ एप्रिल २०२४पर्यंत भरलं असेल, तर मुदत १५ एप्रिल २०२७ला संपते. २०२३च्या आधीच्या वर्षांना जुना, थेट हप्त्याचा नियम लागतो, हे लक्षात ठेवा. काकांचा हप्ता पेन्शनमधूनच परस्पर जात होता, त्यामुळे त्यांना तिथे अडचण नव्हती. मुदतीत बसणारी तिन्ही वर्षं दुरुस्त केली आणि हजाराच्या वर डॉलर परत आले. आधीची तीन वर्षं गेली ती गेलीच. काका उठताना म्हणाले, "त्या तीन वर्षांचं बायकोला सांगू नका."

माझे वडील महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त होऊन ग्रीन कार्डवर आमच्याकडे आले आहेत. त्यांना?

हा प्रश्न मराठीतच येतो आणि बराच येतो. उत्तर नाही. पेन्शन योजना अमेरिकेच्या संघीय, राज्य किंवा स्थानिक सरकारची असावी लागते. महाराष्ट्र शासनाची पेन्शन त्या व्याख्येत बसत नाही, वडिलांनी पस्तीस वर्षं कुठल्याही ठाण्यात काढली असली तरी. त्यांच्या भारतीय पेन्शनवर इथे कर कसा लागतो हा भारत-अमेरिका करकराराचा वेगळा विषय आहे. त्यासाठी दोन्हीकडचं जाणणारा माणूस गाठा. भारतात आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी ज्येष्ठांना जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, ती सगळ्याच ज्येष्ठांना आहे, खाकीचा तिथे काही संबंध नाही. त्यामुळे तिकडच्या अनुभवावरून इकडचा अंदाज बांधू नका.

राज्याच्या करात पण मिळते का?

राज्यागणिक वेगळं. टेक्सास आणि फ्लोरिडात वैयक्तिक आयकरच नाही. आमचं न्यू जर्सी संघीय समायोजित उत्पन्नावरून सुरुवातच करत नाही; पेन्शनचं त्याचं गणित स्वतंत्र आहे आणि ६२ आणि त्यावरच्या वयाच्यांना त्यात स्वतःची वेगळी सूट आहे. म्हणून संघीय ५बीचा आकडा डोळे मिटून राज्याच्या फॉर्मवर उतरवू नका.

कागद काय जपायचे?

हप्ता भरल्याचा पुरावा: पेन्शनची वार्षिक पावती, विमा कंपनीचं पत्र किंवा बँकेच्या नोंदी. रिटर्नला पावत्या जोडायच्या नसतात. निवृत्ती वयाने की अपंगत्वाने, हे सांगणारं पेन्शन कार्यालयाचं एक पत्र त्याच फाइलमध्ये ठेवा.

३,०००चा आकडा कधी वाढणार?

महागाईशी तो जोडलेला नाही. २००७ला ३,००० होता, आजही ३,०००च. तेव्हा एवढ्यात बऱ्याच निवृत्तांचा वर्षाचा हप्ता बराचसा झाकला जायचा. आज काकांच्या हप्त्याचे आठ महिनेही होत नाहीत. सिक्युअर २.० आणताना निदान हा आकडा तरी हलवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी मुलगी सध्या पोलिसात आहे. निवृत्तीला पंधरा वर्षं आहेत. तिने आत्ता काही करायला हवं?

आत्ता नाही. निवृत्तीच्या आठवड्यात मात्र एक गोष्ट. तेव्हा कुणीतरी सल्लागार तिच्या ४५७मधली सगळी रक्कम आयआरएत हलवायला सांगेल. तिला महिन्याची करपात्र पेन्शन मिळणार असेल तर हरकत नाही, सवलत पेन्शनवर घेता येईल. पण पेन्शन नसेल किंवा करपात्र नसेल, तर हप्त्यापुरती रक्कम दर वर्षी काढता येईल एवढे पैसे तिने ४५७मध्येच राहू द्यावेत. आणि सहीजवळच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'रिटायर्ड' न लिहिता 'रिटायर्ड पोलिस ऑफिसर' लिहावं. आमच्या टेबलावर बसणाऱ्याला तेवढ्यावरून पुढचा प्रश्न सुचतो.